लवचीक सच्छिद्र चौकट: मऊपणा कुठे ठेवावा?

बेळगावच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांना लोखंडी पट्ट्यांचा, बाजूला सरकवून मिटवायचा जाळीचा दरवाजा असे. त्यातली एकही पट्टी वाकत नाही; रिबिटांपाशी कोन बदलतो आणि चौकोन चपटे होतात. धातू-सेंद्रिय चौकट, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंच्या दुव्यांनी जोडून केलेला सच्छिद्र स्फटिक, लवचीक करायची असेल, तर आधी हा दरवाजा आठवावा. नवशिके बहुधा लांब, डुलणारा सेंद्रिय दुवा निवडतात, आणि छिद्रांतला विद्रावक काढताच चौकट ढासळते. दुवा ताठ असावा, मऊपणा सांध्यात असावा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जेरार फेरे यांच्या गटाने २००२ मध्ये मांडलेली मिल-५३ ही रचना याचा उत्तम धडा आहे. तिच्यात धातूंच्या सरळ साखळ्या टेरेफ्थॅलेट या ताठ सेंद्रिय दुव्याने जोडलेल्या असून मधली छिद्रे शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. साखळीतले धातू हायड्रॉक्सिल (OH) गटांनी सांधलेले असतात. पाण्याचे रेणू त्या गटांशी हायड्रोजन बंध करतात आणि छिद्र आकसते. तशाच आराखड्याच्या, पण हायड्रॉक्सिलऐवजी नुसत्या ऑक्सिजनने सांधलेली व्हॅनेडियमची (व्हॅनेडियम-ऑक्सो) साखळी असलेल्या मिल-४७ मध्ये ही हालचाल सहसा दिसत नाही. म्हणून छिद्रात शिरणारा कोणता पाहुणा रेणू कोणत्या गटाला धरणार, हे कागदावर ठरवल्याशिवाय भट्टी पेटवू नये.

सुरुवातीला मिल-५३चे ॲल्युमिनियमचे रूप सोयीचे. ॲल्युमिनियम नायट्रेट, टेरेफ्थॅलिक आम्ल आणि पाणी यांचे प्रमाण मोलमध्ये १ : ०.५ : ८० ठेवून मिश्रण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या बंद दाबपात्रात २२० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. पात्र काठोकाठ भरू नये आणि पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडू नये. छिद्रांत अडकलेले जादा आम्ल ३३० अंशांना तीन दिवस तापवून घालवतात. या पायरीत घाई केली, तर पुढची सारी मोजमापे फसवी ठरतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विशेष जपावे लागते, कारण रिकामी केलेली पूड उघडी राहिली की हवेतली ओल घेऊन मिटते, आणि स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनात आकसलेल्या छिद्रांचे अरुंद रूपच दिसते. पूड कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी. मोजणीपूर्वी निर्वातात पुन्हा तापवावी. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडचा अधिशोषण-आलेख, म्हणजे कोणत्या दाबाला पूड किती वायू धरते याचा आलेख, काढावा. त्यात सलग चढाऐवजी पायरी आली, आणि दाब उतरवताना आलेख वेगळ्या वाटेने परतला, तर दरवाजा हलतो आहे असे समजावे. मात्र त्याच दाबांवर विवर्तनही पाहिल्याशिवाय तसे लिहू नये.