मुलांचा धम्मवर्ग आणि श्रामणेर शिबिर : या चुका टाळा

खानदेशातल्या गावोगावच्या विहारांत मुलांचे धम्मवर्ग बहुधा आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाबरोबर (पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहण्याचा काळ) सुरू होतात आणि कापूस वेचणीला आला की एकेक करून बंद पडतात. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत असे वर्ग घेण्यात माझी बरीच वर्षे गेली असून, दरवर्षी नव्या उत्साहाने पुढे येणारे कार्यकर्ते त्याच चार-पाच चुका पुन्हा करताना पाहून मन थकते. हल्लीच्या मुलांना धम्माची आवड नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार असते आणि ती मला मान्य नाही. मुले येतात, मन लावून ऐकतात आणि प्रश्नही विचारतात. पण आपल्याला त्यांच्यात बदल एका उन्हाळ्यात दिसायला हवा असतो आणि पुढचे सगळे नुकसान त्या घाईतून होते.

आईवडिलांची मनापासूनची संमती न घेता मुलाला चीवर देणे

या चुकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती माझ्या हातून झालेली आहे.

यावल तालुक्यातल्या एका गावी मे महिन्यात आम्ही दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर, म्हणजे मुलांनी काही दिवस नवशिक्या भिक्षूसारखे राहण्याचे शिबिर, भरवले होते. त्यात अकरा वर्षांचा एक मुलगा मामाबरोबर आला. वडील सुरतेला कामाला, आई दुसऱ्या गावी, आणि मामाने अर्जावर सही केलेली, एवढ्यावर आमचे समाधान झाले. दुसऱ्या दिवशी सर्व मुलांचे मुंडण झाले, चीवरे (भिक्षूची वस्त्रे) दिली गेली, आणि कोणीतरी काढलेले फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरले. आपल्याकडे मुलाचे डोके भादरलेले दिसले की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार बाप गेल्याचा येतो. तो फोटो पाहून शेजारच्या बाईने त्या माउलीला विचारले की घरात काय झाले, आणि नवरा सुरतेला असल्यामुळे तिच्या पायांखालची जमीनच सरकली. नवऱ्याचा फोन लागेना. रात्रीच्या शेवटच्या एस.टी.ने ती तालुक्याच्या गावी उतरली आणि तेथून केळीच्या ट्रॅक्टरवर बसून शिबिरात पोहोचली. मंडपात ओळीने झोपलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या चाळीस मुलांत तिला आपला मुलगा ओळखता येईना. तो सापडल्यावर त्याला पोटाशी धरून तिने मला एवढेच विचारले, "भाऊ, मना पोऱ्याले काय करी टाकं तुम्ही?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिबिराला मार्गदर्शन करणाऱ्या वृद्ध भंतेंनी तिची क्षमा मागितली, आणि पहाटे आम्हा कार्यकर्त्यांना बसवून विनयपिटकाच्या (भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथाच्या) महावग्ग या भागातला बुद्धांचा मुलगा राहुल याचा प्रसंग सांगितला. भगवान बुद्धांच्या सांगण्यावरून त्यांचे शिष्य सारिपुत्त यांनी राहुलाला प्रव्रज्या (घर सोडून संघात येण्याची दीक्षा) दिली, तेव्हा आजोबा शुद्धोदन भगवंतांकडे आले आणि म्हणाले की पुत्रप्रेम कातडी छेदते, कातडीतून मांस, मांसातून स्नायू, स्नायूंतून हाड आणि हाडातून थेट मज्जेपर्यंत जाते. म्हणून यापुढे आईवडिलांच्या अनुज्ञेवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते म्हणणे मान्य करून तसा नियमच घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी एका आजोबाच्या दुःखातून आलेला हा नियम आम्ही एका अर्जावर आणि मामाच्या सहीवर उरकला होता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मी मुलाच्या घरी जातो, चहा होईपर्यंत बसतो आणि आईवडिलांना स्पष्ट शब्दांत सांगतो की केस काढले जातील, दुपारी बारानंतर जेवण मिळणार नाही, दहा दिवस मूल घरी येणार नाही. वडील सुरत, नाशिक किंवा पुण्याला असतील, तर त्यांच्याशी फोनवर माझ्यासमोर बोलणे झाले पाहिजे. आई नुसती मान हलवत असेल आणि बोलत नसेल, तर मी ती संमती समजत नाही आणि आठवड्याने पुन्हा जातो. सही सगळ्यांत शेवटी घेतो. यात फार वेळ जातो असे तरुण कार्यकर्ते म्हणतात, आणि तो जातोच. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी श्रामणेर शिबिराच्या भानगडीत पडू नये, असे माझे ठाम मत आहे.

वयाचाही विचार याच नियमांत आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असे महावग्ग सांगतो. त्याला कावळे उडवू शकणाऱ्या मुलाचा अपवाद आहे आणि संख्या वाढवण्यासाठी काही आयोजक तोच पुढे करतात; पण तो अपवाद ज्या प्रसंगी आला, त्यात रोगाने सगळे घर गेलेली दोन पोरकी मुले होती आणि त्यांना आधार द्यायचा होता. तेथेच राजगृहातल्या सतरा मुलांचीही हकिकत आहे. त्यांना उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षूची दीक्षा, दिली गेली आणि पहाटे उठून ती पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. ते रडणे ऐकून भगवंतांनी सांगितले की वीस वर्षांखालील व्यक्तीला थंडी, ऊन, भूक आणि तहान सोसत नाही, म्हणून तिला उपसंपदा देऊ नये. श्रामणेरासाठी ही वीस वर्षांची अट नाही, हे खरे आहे. तरी जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, पत्र्याच्या मंडपात, वाढत्या वयाच्या मुलांना संध्याकाळी उपाशी ठेवताना ते रडणे आपल्याही कानांत असले पाहिजे. पंधरा वर्षांखालील मुलांसाठी मी पांढरे कपडे, पंचशील आणि संध्याकाळचे साधे जेवण एवढेच ठेवतो आणि त्यांचे मुंडण करत नाही.

शीलाचा उपयोग दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी करणे

पंचशील मुलांना पाठ होते, अर्थ मात्र सांगितला जात नाही, हे सर्वांना माहीत आहे. अर्थ चुकीच्या पद्धतीने सांगितला गेला तर काय होते, याचा विचार कमी होतो. आमच्या रविवारच्या वर्गात पाचवे शील समजावताना एका पाहुण्या वक्त्यांनी जोरदार आवाजात सांगितले की ज्याच्या घरात दारू पितात ते घर बौद्धांचे नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही त्यांना थांबवले नाही. सातवीतली एक मुलगी, जिचे सुत्तपठण आमच्या वर्गात सर्वांत शुद्ध होते, त्या दिवशी खाली मान घालून बसली आणि पुढच्या रविवारी आली नाही. तिचे वडील पितात हे सगळ्या वस्तीला ठाऊक होते. मी तीन वेळा तिच्या घरी गेलो, ती दाराआड उभी राहिली आणि वर्गात पुन्हा कधी आली नाही. आपल्या शब्दांनी एक मूल धम्मापासून तोडले, ही खंत मला आजही आहे.

प्रत्येक शीलाच्या शेवटी "वेरमणी सिक्खापदं समादियामि" असे आपण म्हणतो. यातल्या वेरमणीचा अर्थ अलिप्त राहणे, सिक्खापदाचा अर्थ शिकण्याचा नियम, आणि समादियामि म्हणजे मी स्वीकारतो. हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. त्यात वडील नाहीत, शेजारी नाहीत आणि दुसऱ्या धर्माचे लोकही नाहीत. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही प्रत्येक माणूस स्वतःविषयीच बोलतो. ही एवढी व्याकरणाची गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितली, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

खोटे बोलण्याच्या शीलासाठी मी भाषण न करता मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातला राहुलाला केलेला उपदेश वापरतो. त्यासाठी पाण्याचा तांब्या आणि आरसा एवढेच साहित्य लागते. तांब्यात घोटभर पाणी ठेवून मी मुलांना दाखवतो, मग ते ओतून देतो, मग तांब्या पालथा घालतो आणि प्रत्येक वेळी विचारतो की जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ आता काय उरले. नंतर आरसा मुलांच्या हातांतून फिरतो, आणि कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर स्वतःकडे पाहावे, हा उपदेशाचा गाभा त्यांना वेगळा सांगावा लागत नाही. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात ज्या मोजक्या धम्मवचनांचे वारंवार श्रवण करायला सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेशही आहे. आमच्याकडे मुले घरी अहिराणी बोलतात, म्हणून या वेळी मीही अहिराणीतच बोलतो आणि "तुले काय समजनं?" असे प्रत्येकाला विचारतो. जड मराठीत विचारले तर मुले पुस्तकी उत्तर देतात आणि समाधान फक्त आपले होते.

अजिंठ्याची सहल धावत करणे

जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर आहे, त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक वर्गाची सहल तेथे जाते आणि बहुतेक वेळा वाया जाते. सगळी लेणी दोन तासांत दाखवण्याचा आग्रह सोडावा. मी फक्त दोन लेणी घेतो : आधी दहावे, जेथे नुसता स्तूप आहे आणि बुद्धमूर्ती कोरलेली नाही, मग सव्विसावे, जेथे स्तूपावरच बुद्ध बसलेले आहेत आणि डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची विशाल मूर्ती आहे. या दोहोंमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर आहे, आणि या काळात लोकांना मूर्तीची गरज का वाटली असेल, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. मूर्तीखाली रडणाऱ्या माणसांकडे पाहत दहा मिनिटे शांत बसले की त्या दिवसाचा वर्ग पूर्ण झाला. लेणी सोमवारी बंद असतात, हे पाहूनच दिवस ठरवावा, कारण फर्दापूरहून निराश परतलेली मुले मी पाहिली आहेत.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यालाही असेच न्यावे. बाबासाहेब 1937 साली 31 जुलैला न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले असताना तेथे थांबले होते, आणि त्या तारखेला तेथे मोठी गर्दी होते. लहान मुलांना त्यानंतरच्या एखाद्या शांत रविवारी नेले तर ती जागा त्यांना नीट पाहता येते.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

पहिल्याच दिवशी मुलांना अर्धा तास आनापानसतीला (श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाला) बसवू नये. दहा श्वास मोजून उठू द्यावे आणि पुढच्या रविवारी पंधरा मोजावेत. ध्यान चालू असताना फोटो काढू नयेत. मुलींना रांगोळी आणि खीर, मुलांना ध्वज आणि सूत्रसंचालन, ही वाटणी ताबडतोब थांबवावी. तरुणांना केवळ 14 एप्रिलच्या मिरवणुकीपुरते बोलावून वर्षभर विसरू नये, डी.जे.साठी वर्गणी जमवण्यात जेवढ्या संध्याकाळी जातात, तेवढ्यांत एक वर्षावास उत्तम पार पडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग बंद करण्याऐवजी तो रात्री साडेआठला, पंधरा मिनिटांचा ठेवावा.

शाळा संपवून कामाला गेलेल्या मुलांची नावे वहीतून खोडू नयेत

सतरा-अठरा वर्षांची मुले सुरत, पुणे किंवा नाशिकला कामाला लागली की आपण त्यांना वर्गातून गेलेली समजतो. खरे तर याच वयात, एका खोलीत आठजण राहत असताना, त्यांना शीलाची आणि सोबतीची सर्वाधिक गरज असते. माझ्या वहीत त्यांच्यासाठी वेगळे पान आहे आणि दर पौर्णिमेला मी त्यांना फोन करतो. उपदेश करत नाही. जेवण कसे आहे, झोप मिळते का, एवढेच विचारतो आणि त्याची इच्छा असेल तर दोघे मिळून त्रिसरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे वचन) म्हणतो. गेल्या पौर्णिमेला एकाने सुरतेहून फोन सुरू ठेवायला सांगितला, कारण त्याच्या खोलीतल्या आणखी दोघांना त्रिसरण म्हणायचे होते. त्यांची नावे मी आता त्याच पानावर लिहिली आहेत.