ट्रॅपरच्या जुन्या केबिनमध्ये रात्र काढायची असेल तर

अलास्कात ईगल गावापासून सर्कल गावापर्यंत युकॉन नदीतून कनू (वल्ह्यांची अरुंद होडी) नेली की (साधारण २५० किमी) काठावरच्या स्प्रूसच्या झाडीत मधूनच ओंडक्यांची बुटकी घरं दिसतात. मार्टेन, लिंक्स, बीव्हरच्या कातड्यांवर पोट भरणारे ट्रॅपर हिवाळाभर सापळ्यांच्या लाइनवर फिरायचे, एक मुख्य केबिन आणि पुढे दिवसभराच्या चालीवर एकेक छोटी, म्हणजे अंधार पडायच्या आत कुत्र्यांची स्लेज पुढच्या छपराखाली पोचावी. दार इतकं बुटकं की वाकूनच शिरावं लागतं आणि खिडकी वहीएवढी, सगळा हिशोब ऊब आत राहावी याचा.

आधी केबिन कोणाची आहे ते बघा. पडीक दिसली म्हणजे सोडलेली असं अजिबात नाही. कॅनडाच्या युकॉनमध्ये १९५० च्या सुमारास ट्रॅपलाइनची नोंदणी सुरू झाली आणि आजही बऱ्याच लाइन चालू आहेत, तिथली केबिन कोणाचं तरी घर आहे, जिवावर बेतलं तरच आत जायचं. अलास्कात युकॉन-चार्ली रिव्हर्स प्रिझर्व्हमध्ये (सरकारी राखीव प्रदेश) नेशन ब्लफ, ग्लेन क्रीक, कँडिक रिव्हर अशा केबिन सगळ्यांना खुल्या आहेत, पैसे नाहीत, बुकिंग नाही.

दाराजवळ जायच्या आधी लांबूनच मोठ्याने आवाज द्या, आत अस्वल असू शकतं. आणि पायाखाली बघा! दाराखिडकीसमोर खिळे वर करून ठोकलेल्या फळ्या असतात, अस्वलाने येऊ नये म्हणून, गवतात नाहीतर बर्फात त्या दिसत नाहीत आणि बुटातून खिळा आरपार जातो. मग सगळ्यात खालचा ओंडका तपासा, चाकूचं टोक दाबायचं, लाकूड कडक लागलं तर ठीक, पातं लोण्यासारखं आत गेलं तर छपराखाली झोपू नका, कारण जुन्या छपरावर मातीचा थर असतो, पावसात तो प्रचंड जड होतो आणि कुजलेल्या ओंडक्यांना तो भार पेलवत नाही. तंबू लावा सरळ.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, दार-खिडकी उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मारून ओल्या कपड्याने पुसा. फळीवर लेबल गेलेले डबे-बाटल्या असतील तर हात लावू नका, लांडग्यांसाठी स्ट्रिक्निन वापरायचे हे लोक. गंजलेले सापळे, जुने डबेही आठवण म्हणून उचलायचे नाहीत, ते तिथलेच आहेत.

आता स्टोव्ह, इथे घाई नको. पातळ पत्र्याचा असतो, तळाला दोन बोटं वाळू नसेल तर नदीवरून आणून टाका, नाहीतर तळ जळून भोक पडतं. पाइपवर बोटाच्या सांध्याने टकटक करा, खणखणीत वाजला तर पत्रा चांगला, बद्द वाजला तर आत काजळी नाहीतर गंज, वरच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटंही असतं कधीकधी. पहिला जाळ अगदी लहान करा आणि धूर वर जातोय का ते बघा. आत परत येत असेल तर विझवा, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी रात्रभर बोटभर उघडीच ठेवा, थंडी वाजली तरी.

मी पहिल्यांदा अशा केबिनला पोचलो तेव्हा दोन दिवस पावसात भिजलेलो, बोटं वाकत नव्हती, झिप उघडता येईना. स्टोव्हचं दार उघडलं तर आत बर्चची साल, त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, वर चिरलेलं जळण, सगळं रचून तयार, आणि शेजारी झाकणाच्या डब्यात काडेपेटी. एका काडीत पेटलं. कोणी रचलं ते मला कधीच कळणार नाही पण त्या रात्री मी त्याच्या जिवावर झोपलो.

म्हणून निघायच्या दिवशी एक तास आधी उठा. जाळलं त्यापेक्षा जास्त लाकूड आत आणा, वाळलेलं उभं झाड बघून, हिरवं नको. राख पूर्ण गार झाली की काढा पण तळाची वाळू राहू द्या. मग साल, काटक्या, जळण तसंच रचून ठेवा, आणि हे करताना हातात जाड मोजे घालून बघा, मोजे न काढता काडी ओढून सालीला लावता येतेय का, काडेपेटी स्टोव्हपाशीच आहे का. नसेल जमत तर परत रचा. खायचं काही ठेवू नका, वासावर अस्वल येतं. गादी असेल तर तारेने छताला टांगा, नाहीतर उंदीर कुरतडतात. शेवटी खिडकीची फळी लावा, दाराची कडी बसली की दोन्ही हातांनी ओढून बघा.