पणजीच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक शोधताना

पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात (मूळ संस्था 1832 ची!) पोर्तुगीज काळातलं काही शोधताय आणि गावाचं नाव टाकून हाती काहीच लागत नाही? मीही 'पणजी', 'पणजी' करत अर्धा तास घालवला होता. घोळ स्पेलिंगचा असतो.

1. गावाचं जुनं नाव घरूनच लिहून न्या. 1843 नंतर पणजी अधिकृतपणे 'नोवा गोवा' होती. डिचोलीला 'बिचोली', साखळीला 'सांकेली' असं शोधा.

2. रोमन लिपीत 'श'च्या जागी 'एक्स' टाकून बघा. शांतादुर्गा 'एक्स'खाली सापडते, हे कळल्यावर मला हसूच आलं. केपें गावाच्या नावाची सुरुवात 'क्यू'ने.

3. तरीही नाही मिळालं तर दोन्ही स्पेलिंगं चिठ्ठीवर लिहून काउंटरवर द्या. तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं.

कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. ओळखपत्र जवळ ठेवा.

मात्र जुन्या पुस्तकाची पानं बोटाला थुंकी लावून उलटू नका, आणि मोबाईलने फोटो काढण्याआधी विचारा. टिपणाला पेन नको, पेन्सिल न्या.