मुलाबाळांसह मुंबई आणि घारापुरी: या चुका टाळा

पुण्या-नाशकाहून सुट्टीत मुंबई बघायला आलेली मंडळी बहुतेकदा एकच घोळ घालतात. सकाळी राणीची बाग, दुपारी म्युझियम आणि 'बोट काय, संध्याकाळी बघू'. मग गेटवेवर पोचेपर्यंत घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, जाणाऱ्या बोटी बंद झालेल्या असतात. बोटीने जायलाच साधारण तास लागतो, तेवढाच यायला. म्हणून बंदर सकाळी, शहर दुपारनंतर. हा क्रम पाळलात तर निम्मी दगदग वाचते.

वार बघूनच निघा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. बुधवारी राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्याचं वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

आता बोटीचं. गेटवेच्या धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे कधी कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळं उघडं पडतं. लहान मूल कडेवर घेऊन उडी मारू नका; आधी मोठ्या माणसाने पलीकडे जावं, मग मूल हातात द्यावं. खलाशी हात देतात, तो धरायला संकोच कसला? लाइफ जॅकेट बसल्या बसल्या घाला आणि मुलांच्या मापाचं मागून घ्या. 18 डिसेंबर 2024 ला याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. उकडतं म्हणून जॅकेट मांडीवर ठेवणारे आई-वडील दिसले की खरंच जीव खालीवर होतो.

परतीचं तिकीट जपून ठेवा. बेटावर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या, ती ऋतूप्रमाणे बदलते.

धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे सुमारे 120 पायऱ्या. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर डोलीचा भाव आधीच ठरवा. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवलीत तर माकडं ती पळवणारच, सॅकमध्ये घाला. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते याचं की एवढं चढून लोक शंकराच्या तीन मुखांच्या महेशमूर्तीपुढे फोटो काढतात आणि लगेच वळतात! सुमारे 20 फुटांची ती मूर्ती आहे. मुलांना थोडा वेळ समोर उभं करा, डावीकडचा उग्र चेहरा आणि उजवीकडचा सौम्य चेहरा त्यांचा त्यांना ओळखू द्या.

अलिबागजवळच्या मांडव्याला जायचं असेल तर धक्का नीट बघा. गाडी घेऊन जाणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते, गेटवेवरून नाही. गेटवेची मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते.

शहरात फिरताना रिक्षाची वाट बघत उभे राहू नका. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाही. टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्या.

लोकलच्या गर्दीत चुकामूक झालीच, तर काय करायचं हे चढण्याआधी ठरवा. 'पुढच्या स्टेशनला उतरू' एवढं पुरत नाही: दादरहून सीएसएमटीकडे जाणारी फास्ट भायखळ्यालाच थांबते, स्लो मात्र परळला. मागे राहिलेल्याने जागचं हलायचं नाही, पुढे गेलेल्यांनी उतरून परत यायचं. मुलाच्या खिशात मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, कारण घाबरलं की पाठ असलेला नंबरही आठवत नाही.