हॅवलॉकला स्कूबा करायला जाताय? या चुका टाळा

अंदमानची सहल ठरली की यादी ठरलेलीच असते: सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा आणि हॅवलॉकला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डाइव्ह. (२०१८ पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच चालतं. तसंच २०२४ पासून श्री विजयपुरम झालेल्या पोर्ट ब्लेअरचं.) जेल आणि किनारा एक दिवस मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. डाइव्हचं तसं नाही. ती कोणत्या दिवशी करायची हे आधी ठरवा आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवा. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या डाइव्ह पाण्यात फसल्या नव्हत्या. त्या घरी तारखा ठरवतानाच फसल्या होत्या.

सगळ्यात मोठी चूक: डाइव्ह शेवटच्या दिवशी

"सकाळी डाइव्ह, दुपारची फेरी बोट, संध्याकाळी पोर्ट ब्लेअर आणि पहाटेचं विमान" असा बेत असेल तर तो आजच बदला.

पाण्याखाली आपण दाबाखालची हवा घेतो. त्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब महाबळेश्वरपेक्षाही उंच ठिकाणी असावा इतका कमी होतो. गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि बुडबुडे वर येतात. तसेच बुडबुडे शरीरात, सांध्यांत, क्वचित मज्जारज्जूत तयार होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असं डायव्हिंग वैद्यकातलं मार्गदर्शन आहे. मी घरच्यांना सरळ २४ तास सांगतो.

पोहोचल्याच्या दिवशीही डाइव्ह नको. मुंबई-पुण्याहून रात्रीची झोप मोडून आलेलं असतं, पाणी कमी प्यायलेलं असतं, त्यात फेरीचा प्रवास. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, तिसऱ्या दिवशी डाइव्ह, चौथा दिवस राखून ठेवलेला, पाचव्या दिवशी परत आणि सहाव्या दिवशी विमान, असा बेत मला योग्य वाटतो. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, तेव्हा हा राखीव दिवसच वाचवतो.

आणि तारखा बदलताच येत नसतील तर? डाइव्ह सोडा, एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करा, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं बघा. त्यात दाबाखालची हवा नसते, दुसऱ्या दिवशी खुशाल विमानात बसा. डाइव्हनंतर काही तासांत सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा कधी नव्हे असा थकवा आला, तर "झोपलं की बरं वाटेल" म्हणू नका. डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केली होती हे स्वतःहून सांगा.

कान दुखेपर्यंत थांबणे

नवख्यांना बहुधा किनाऱ्यावरूनच नेतात. बीच नंबर दोनजवळचा निमो रीफ हा प्रवाळाचा पट्टा त्यासाठी चांगला आहे. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकवून आधी सराव होतो: तोंडाने श्वास, मास्कमधलं पाणी काढणं, हाताच्या खुणा. मग खाली जायला सुरुवात होते आणि दोन-तीन मीटरवरच कानाला दडे बसतात.

खरं तर दडे बसायच्या आधीच नाक चिमटीत धरून अगदी हळू फुंकायचं असतं. दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न बघता. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात जास्त फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. कान मोकळा झाला नाही तर जोर लावून फुंकू नका, पडद्याला इजा होईल. तळवा आडवा धरून हलवा, कानाकडे बोट दाखवा. इन्स्ट्रक्टर मीटरभर वर घेईल. आवंढा गिळा, जो कान अडलाय तो वर येईल अशी मान कलती करा, मग पुन्हा प्रयत्न करा.

पडसं असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. नाकात थेंब टाकून उतरणारे असतात. खाली असताना थेंबांचा असर ओसरला तर हवा आत अडकते आणि वर येताना वेदना होतात.

अंगठा दाखवणे

फोटोसाठी अंगठा वर करायची आपली सवय असते. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". इन्स्ट्रक्टर खरंच वर घेऊन येतो आणि डाइव्ह तिथेच संपते. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

श्वास रोखणे

हा नियम मोडायचाच नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तीच हवा छातीत दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. घाबरलात तरी श्वास चालू ठेवा. तोंडातून बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत.

फॉर्मवर सगळीकडे "नाही" लिहिणे

दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण: डाइव्हआधी भरायच्या फॉर्ममधले हे प्रश्न उगाच विचारलेले नसतात. एखाद्याचं उत्तर "हो" असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठी सोबत घ्या. बेटावर पोहोचल्यावर ती मिळवायला धावपळ होते, मग लोक खोटं लिहितात. मुलांना दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत समुद्रात नेऊ नका, कोणी "चालतं हो" म्हणालं तरी.

बुकिंग करताना भावाआधी दोन गोष्टी विचारा: पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसामागे एक इन्स्ट्रक्टर देता का, आणि त्याचं प्रमाणपत्र बघायला मिळेल का. पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या या अनुभव-डाइव्हची मर्यादा १२ मीटर असते. डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागा बघायच्या असतील तर रीतसर कोर्स करावा लागतो. मालवणला किल्ल्यामागे एकदा पाण्यात जाऊन आलो, एवढ्यावर ते भागत नाही.

मास्क आणि पोट

मास्कमध्ये पाणी येत राहिलं तर आधी कपाळावरचे केस आत अडकलेत का बघा. मिशी असेल तर तिची नाकाखालची कड कातरून बारीक करा. काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा, जुना उपाय आहे पण चालतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आदल्या दिवशीच मागून ठेवा.

बोट लागत असेल तर किनाऱ्यावरची डाइव्ह घ्या. बोटीनेच जायचं असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती गुंगी आणते का हे घरी एकदा बघा. पाण्यात डोळ्यांवर झापड नको. उपाशी जाऊ नका, पुरी-भाजी खाऊनही जाऊ नका. दोन इडल्या आणि केळं पुरतं. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात लाटाही असतात आणि पाणीही गढूळ.

प्रवाळाला हात लावणे

तोल गेला की हात आधार शोधतो. प्रवाळ दगड वाटतो, पण जिवंत असतो, आणि एका लाथेने तुटलेला तुकडा भरून यायला वर्षं लागतात. शिवाय दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही तिथेच बसलेला असू शकतो. प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

माझ्या बायकोचे डाइव्हच्या पहिल्या दिवशी तीन मीटरवर कान अडले. दोनदा वर आली, तिसऱ्यांदा तिने स्वतःच मानेने "नको" सांगितलं. किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसली तेव्हा डोळे भरलेले होते. आमच्याकडे राखीव दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी, तोच इन्स्ट्रक्टर, दर हातभर खोलीला नाक धरणं. आठ मीटरवर समुद्रफुलाच्या हलत्या बोटांतून नारिंगी-पांढरा क्लाउनफिश बाहेर आला आणि तिच्या मास्कच्या काचेसमोर थांबला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी गोल करून दाखवला.