लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करताना

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोर्स कोडवरून कंपाइल करताना वेळ जातो तो मशिनचा. आपले डोके लागते ते कॉन्फिगरेशनला. जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि ओपनएसएसएल, लिबएल्फ व एनकर्सेस यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस आधी इन्स्टॉल करून घ्यावीत, डिस्कवर २५-३० जीबी जागा मोकळी ठेवावी आणि कर्नल डॉट ऑर्गवरून स्थिर आवृत्तीचा सोर्स उतरवून होम डिरेक्टरीत उलगडावा. रूटचे (प्रशासकाचे) अधिकार शेवटच्या टप्प्यापर्यंत लागत नाहीत.

कॉन्फिगरेशनची सुरुवात कोऱ्या पाटीने करू नये. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बहुतेक वितरणांत बूट डिरेक्टरीत असते. ती सोर्समध्ये 'डॉट कॉन्फिग' या नावाने कॉपी करून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवले की नव्या पर्यायांना त्यांची डीफॉल्ट मूल्ये मिळतात. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग) तेवढी ठेवते, त्यामुळे कंपाइलचा वेळ बराच वाचतो. मात्र तेव्हा वेबकॅम किंवा यूएसबी वायफाय जोडलेले नसेल, तर त्याचा ड्रायव्हर निमूटपणे गळतो आणि ते कळते नेमके गरजेच्या वेळी. म्हणून एरवी वापरात असलेली सगळी उपकरणे आधी जोडून घ्यावीत.

'मेक मेनूकॉन्फिग'मध्ये पर्यायापुढे चांदणी असेल तर तो भाग कर्नलमध्येच बसतो, एम असेल तर त्याचे मॉड्यूल होते. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) वापरायचे नसेल, तर डिस्क कंट्रोलर आणि रूट फाइलसिस्टिम यांचे ड्रायव्हर चांदणीचेच हवेत, नाहीतर रूट माउंट न झाल्याने बूट होताना कर्नल पॅनिक (कर्नल जागीच थांबणे) ठरलेला. 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःची खूण घालावी, ती आवृत्तीच्या नावाला जोडली जाते. डेबियन किंवा उबुंटूची कॉन्फिग घेतली असेल, तर विश्वासू कींच्या पर्यायातला सर्टिफिकेट फाइलचा पत्ता पुसावा. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते आणि बिल्ड तिथेच अडते.

नंतर 'मेक'ला 'जे' पर्यायाने कोअरची संख्या द्यावी. बिल्ड फसल्यास शेवटची ओळ वाचून काही हाती लागत नाही. वर सरकून पहिली एरर शोधावी.

'सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आधी आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' नंतर, हा क्रम पाळावा, कारण दुसऱ्या आज्ञेच्या वेळी तयार होणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये पहिलीने बसवलेली मॉड्यूल्स जातात. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल नाकारला जातो. जुना कर्नल ग्रब या बूटलोडरच्या मेनूत राहू द्यावा आणि रीबूटनंतर चालू कर्नलची आवृत्ती दाखवणाऱ्या 'यूनेम'ला 'आर' पर्याय देऊन आपली खूण दिसते का ते पाहावे.