फूट ड्रॉप: फॉर्मवर नुसतं ‘अँकल’ लिहू नका

ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाला होते. फूट ड्रॉपच्या, म्हणजे पाऊल वर उचलता न येणाऱ्या, एका पेशंटची टिबिॲलिस पोस्टेरिअर (पाऊल आत वळवणारा पोटरीतला स्नायू) ऑपरेशन करून पावलाच्या पुढच्या बाजूला वळवायची ठरली होती, म्हणजे ती पाऊल उचलेल. फॉर्म मीच भरला: ‘एमआरआय अँकल’. रिपोर्टात टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) अखंड, फिल्मवर काळाभोर, म्हणजे निरोगी. मी निर्धास्त. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सरांनी पेशंटला पाऊल आत वळवायला सांगितलं. सरांच्या दोन बोटांचा जोरही त्याला सोसेना. सर एवढंच म्हणाले, “मोटेचा नाडा तपासलास, बैल बघितलेस?”

अँकलच्या स्कॅनमध्ये घोट्याच्या वरचे जेमतेम काही सेंटिमीटर येतात. स्नायूचा मांसल भाग त्याच्याही वर, पोटरीत खोल, दोन हाडांमधल्या पडद्याला चिकटलेला. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची कॉमन पेरोनिअल नर्व्ह गुडघ्याखाली फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या हाडाच्या) मानेशी निकामी झाली असेल तर हा स्नायू वाचतो, कारण त्याला वेगळी, टिबिअल नर्व्ह मिळते. दुखणं कमरेत एल-५ नर्व्हच्या मुळाशी किंवा या दोन्ही नर्व्ह जिच्यातून निघतात त्या सायाटिकमध्ये असेल तर मात्र तोही कमजोर होतो. माझ्या पेशंटच्या दुखण्याचं मूळ कमरेतच होतं. गुडघ्यापासून खाली स्कॅन केला तेव्हा टी-१ वर (एमआरआयचा एक प्रकार, यात चरबी पांढरी दिसते) त्या स्नायूत पांढऱ्या चरबीचे पट्टेच पट्टे. ऑपरेशन रद्द झालं. उपाशी राहिलेल्या त्या माणसाला ते सांगायला मलाच जावं लागलं.

म्हणून फॉर्मवर लिहा: दोन्ही पाय, गुडघा ते घोटा, टी-१ आणि स्टिर (चरबी दाबून पाणी उजळ दाखवणारा प्रकार). दुसरा पाय तुलनेला लागतोच. स्टिरवर स्नायू उजळ, पण टी-१ वर चरबी नाही, तर सुधारणेला अजून वाव असतो; घाई करू नका. चरबीने भरलेला स्नायू परत येत नाही. शिवाय वळवल्यावर ताकद साधारण एका ग्रेडने घटते, तेव्हा आधी ५ पैकी किमान ४ हवीच. ती हातानेच तपासायची, स्कॅन त्याची जागा घेत नाही.

एक्स-रे उभं करूनच काढा, झोपवून काढलेल्यात पावलाची खरी ठेवण कळत नाही.

घोट्यामागे वळणारा टेंडन चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांच्या आसपास आला की टी-१ आणि पीडीवर (एमआरआयचा आणखी एक प्रकार) निरोगी असूनही राखाडी दिसतो. टी-२ वर काळा असेल तर घाबरू नका, सगळेच पहिल्यांदा इथे दचकतात.

सीनियरचा जुना फॉर्म उतरवून काढायची सवय मला अजिबात पटत नाही, मीही तेच केलं होतं. व्हॉट्सॲपवर फिल्मचे फोटो पाठवून मत मागणंही सोडा. रेडिओलॉजीत जा, कन्सोलशेजारी बसा. तिथल्या एका मॅडमनी मला अर्ध्या तासात एकेक स्नायू बोट ठेवून दाखवला. सुरुवातीला काहीच ओळखू येत नाही. आठवडाभरात नजर बसते.

त्या पेशंटला आम्ही एएफओ (घोटा आणि पाऊल सावरून धरणारा ब्रेस) दिला. फॉलोअपला आला तेव्हा पाय न घासता चालत होता.